नमुना मधूनच घ्यावा

भीमराव दोंद्यांच्या घरातलं हिरवं कार्पेट २००३ साली भर वंदनेत नापास झालं. वर्षावासातलं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, ग्रंथवाचन त्या रविवारी त्यांच्या मोरिवलीच्या खोलीत होतं. वंदनेला मंडळी पांढरे कपडे घालून येतात, आणि हे कार्पेटला कुणीतरी कळवलं असावं. दीड तास सगळे शांत बसले, शेवटची सरणत्तयं गाथा झाली, खीर झाली, आणि मंडळी उठली तेव्हा मागून सगळी हिरवी होती. पांढरी पातळं हिरवी, पांढरे लेंगे हिरवे. विहाराचे खजिनदार तर तसेच बाजारात गेले आणि भाजीवालीनं हसून सांगेपर्यंत तसेच फिरत राहिले. भीमरावांच्या पत्नी रखमाबाईंनी त्या दिवसानंतर महिनाभर विहारात पाऊल टाकलं नाही. कुणी काही बोललं नव्हतं, पण प्रत्येक जण त्यांच्याकडे बघताना आधी स्वतःची पाठ झटकत होता, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दोंदे पालेगावच्या नव्या इमारतीत राहायला आले. हॉल मोठा, फरशी चकचकीत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यंदाचा वर्षावास समाप्तीचा कार्यक्रम आपल्याकडे घ्यायचा, असं रखमाबाईंनी विहारात सर्वांसमोर जाहीर करून टाकलं. साठ माणसं, भन्ते येणार, पांढरे कपडे.

"कार्पेट नवीन पाहिजे," त्या घरी येऊन म्हणाल्या. "आणि चांगलं पाहिजे. आयुष्यात एकदा माझ्या घरातून माणसं आली तशी स्वच्छ उठून गेली पाहिजेत. दुसरं काही मागत नाही मी."

त्यांनी खरोखर दुसरं काही मागितलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात भीमरावांनी त्यांना मागण्याइतकी उसंतच दिली नव्हती, कारण घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी तपासली जायची.

भीमराव मोरिवलीच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांच्या सहीशिवाय पंप फाटकाबाहेर जात नसे. खिशात कायम दोन रंगांच्या गोल चिकटपट्ट्या असत, हिरवी पास आणि लाल नापास. एकदा मॅनेजरच्या भाच्याचा अख्खा लॉट त्यांनी लाल केला होता. पुढं प्रमोशन झालं नाही, पण त्या लाल पट्ट्यांचं त्यांना जेवढं समाधान होतं तेवढं प्रमोशनचं कुणाला झालेलं ऐकिवात नाही. घरातही तेच. अंबरनाथच्या बाजारात कलिंगडवाले त्यांना लांबून बघूनच कलिंगडांवर गोणपाट टाकत.

समोरच्या फ्लॅटमधल्या कौसाबाईंना बातमी लागली तेव्हा त्या नेहमीप्रमाणे दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कार्पेट घेताय? आमचं इराणी आहे. मुलानं दुबईहून पाठवलंय. असं इथं मिळायचं नाही म्हणा. तुम्ही कुठून घेणार?"

"उल्हासनगरहून," रखमाबाई म्हणाल्या.

"अगोबाई!" कौसाबाईंनी गालाला हात लावला. "तिथं लोकर म्हणून प्लास्टिक देतात हो. आमच्या नणंदेला दिलं. त्यापेक्षा आमच्याकडची ताडपत्री न्या. साठ माणसांना पुरेल."

ताडपत्री हा शब्द भीमरावांच्या वर्मी लागला. कार्पेट आता उल्हासनगरहूनच येणार, अस्सल लोकरीचं येणार, आणि तपासून येणार, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. शहाणी माणसं अपमान गिळतात म्हणे. भीमराव कधीच गिळत नसत, ते त्याची तपासणी लावत.

उल्हासनगरला मुकेशभाईंचं कार्पेटचं दुकान होतं. मुकेशभाई सिंधी, दुकान वडिलांचं, बोलणं गोड आणि अर्धं हिंदी. भीमरावांनी खिशातून भिंग, पट्टी आणि ओला रुमाल काढला तेव्हाच त्यांनी पोऱ्याला खूण करून चहा मागवला. काम लांबणार हे अनुभवी दुकानदाराला दिसतं.

पुढचे दोन तास भीमरावांनी सोळा कार्पेटं तपासली. अंगठ्यानं दाबून मनात दहा आकडे मोजायचे आणि लव परत उभी राहते का बघायचं. लव बाहेर ठेवून दुमडायचं, लवेतून खालचं कापड दिसलं की नापास. ओला रुमाल पन्नास वेळा घासायचा, रंग लागला की नापास. दुकानात तोवर चार गिऱ्हाइकं आली आणि हे सरकारी छाप्याचं प्रकरण दिसतंय म्हणून परत गेली.

सतरावं कार्पेट तांबडं होतं, दाट, बोटं आत रुतणारं. ते सगळ्यांतून पास झालं. भीमरावांनी खिशातून काडेपेटी काढली.

"दादा, दादा!" मुकेशभाई गादीवरून उठलेच. "माचिस नको. बाजूला फोमचं गोडाऊन आहे, पूरा मार्केट जाएगा."

"एक धागा जाळून बघतो फक्त. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो."

"ऊन आहे ना साईं. ऐंशी टका ऊन, वीस टका नायलॉन, मजबुतीसाठी. कोई शंभर टका बोलेगा तो समझना झूठ बोलता है. मी बिलावर लिहून देतो." आणि त्यांनी खरंच लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. "झूठ निकला तो वापस. पण असं नाही चालणार की शेजारीण बोलली. लॅबचा रिपोर्ट आणायचा."

"आणीन," भीमराव म्हणाले. उगीच म्हणाले. पण रिपोर्ट हा शब्द ऐकला की त्यांच्याच्यानं गप्प बसवत नसे.

कार्पेट टेम्पोतून पालेगावला आलं, वर चढवताना जिन्याच्या वळणावर अर्धा तास अडकलं, सोसायटीचे सेक्रेटरी महेश म्हात्रे यांनी "दोंदेसाहेब, सामान नेण्याची वेळ दहा ते पाच" अशी नियमाची आठवण करून दिली, आणि मग स्वतःच खांदा दिला. हॉलमध्ये ते पसरलं तेव्हा रखमाबाई भिंतीला टेकून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग चप्पल नसतानाही पाय पुसून त्यावर गेल्या आणि मधोमध बसल्या. त्या इतक्या खूश कधी दिसल्या होत्या, हे भीमरावांना आठवेना.

हे सुख आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी झाडताना सुपलीभर तांबडी लव निघाली. दहाव्या दिवशी पुन्हा तेवढीच.

कौसाबाई दारात होत्याच. "झडतंय वाटतं? आमचं बाई एक केस सोडत नाही. अस्सल लोकर झडत नाही, आमच्या ह्यांना माहीत आहे सगळं."

खरं सांगायचं तर हे साफ चुकीचं होतं. लोकरीचं नवं कार्पेट पहिले काही दिवस झडतंच, आणि अजिबात न झडणाऱ्याचीच शंका घ्यावी. पण हे सांगायला तिथं कुणी नव्हतं, आणि भीमरावांच्या डोळ्यांपुढं विहाराच्या खजिनदारांची पाठ उभी राहिली होती, या वेळी तांबडी.

"तपासावं लागेल," ते म्हणाले.

"उपटा एखादा धागा काठाचा," रखमाबाई म्हणाल्या.

इथं भीमरावांचा धंदा आडवा आला. कारखान्यात शंभर पंपांमागे एक पंप करवतीनं कापून आतली ओतकामाची जाडी बघायचा नियम होता. काठाला माल नेहमीच चांगला असतो, खोट असते ती मध्यावर, म्हणून नमुना मधूनच घ्यावा, हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षांत किमान चाळीस शिकाऊ पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. दुपारी रखमाबाई दळण आणायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा कार्पेटच्या बरोबर मध्यभागी दोन बोटं रुंद आणि दोन बोटं लांब असं एक चौकोनी भोक होतं, आणि त्याच्या बाजूला भीमराव पट्टी आणि ब्लेड घेऊन समाधानानं बसले होते.

रखमाबाईंच्या हातातला डबा खाली आला.

"हे काय केलंत?"

"नमुना घेतला. नियमाप्रमाणे."

"अहो, शंभरात एक कापता तुम्ही! इथं एकच आहे!"

भीमराव थांबले. एकाच नगाचा लॉट असेल तर काय करायचं, हे नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण कापून झालेल्या नगाबद्दल पश्चात्ताप करायचा नसतो, निष्कर्ष काढायचा असतो, म्हणून ते नमुना घेऊन गच्चीत गेले आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला. लगेच प्लास्टिक जळल्याचाही आला. राखही पडली आणि टोकाला कडक गोळीही झाली. ऐंशी आणि वीस असेल तर असंच होणार, आणि वीस आणि ऐंशी असेल तरी असंच होणार. तेवढ्यात वासामुळं कुणाचे तरी केस पेटले असं समजून महेश म्हात्रे पाण्याची बादली घेऊन गच्चीवर धावत आले, आणि भीमराव कार्पेटचा तुकडा जाळताना दिसल्यावर बादलीसकट खाली गेले. संध्याकाळी नोटीस बोर्डावर गच्चीत होळी करू नये असं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भीमराव एमआयडीसीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत गेले. खिडकीत मीनल मॅडम होत्या. त्यांनी जळलेल्या तुकड्याचा उरलेला भाग चिमटीत धरला.

"काका, हा काय आहे?"

"नमुना."

"हा नमुना नाही, हा अपघात आहे. वीस बाय वीस सेंटिमीटर लागतो. न जळलेला."

म्हणजे दुसरं भोक. रखमाबाई या वेळी घरी होत्या आणि त्यांनी कार्पेटवर बसून घेतलं. "आधी मला कापा," त्या म्हणाल्या. भीमरावांनी त्यांना समजावलं की अर्धवट तपासणी ही तपासणी न करण्यापेक्षा वाईट, रिपोर्टात माल खोटा निघाला तर कार्पेट बदलून मिळणार, नवं बिनभोकाचं येणार, आणि कार्यक्रमाला अजून दोन आठवडे आहेत. रखमाबाई उठल्या. पटलं म्हणून नाही, दुधाचं पातेलं उतू जात होतं म्हणून. त्या स्वयंपाकघरातून परत येईपर्यंत वीस बाय वीसचा तुकडा पाकिटात गेला होता.

मीनल मॅडमनी तुकडा मोजला, त्याचं वजन केलं, पावती फाडायला घेतली आणि विचारलं, "रिपोर्ट कशासाठी हवाय?"

"दुकानदाराला दाखवायला."

"मग हा चालणार नाही. यावर आम्ही 'ग्राहकाने आणून दिलेला नमुना' असं लिहितो. दुकानदार म्हणेल, कशावरून माझ्या कार्पेटचा? दोन्ही पार्ट्यांसमोर कापायचा, दोन साक्षीदार, लाखेचं सील. फॉर्म भरा."

भीमरावांना राग यायला हवा होता. खरं म्हणजे त्यांना भरून आलं. एवढ्या वर्षांत आपल्याहून काटेकोर माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. ते मॅडमना नमस्कार करून बाहेर पडले आणि थेट उल्हासनगरला गेले.

मुकेशभाई रविवारी सकाळी स्कूटरवरून पालेगावला आले. हॉलमध्ये येऊन त्यांनी कार्पेट बघितलं, मग खाली वाकून बघितलं, मग पाणी मागितलं.

"दादा, ये चूहे ने किया?"

"मी केलं."

"आपने?" ते हळूच खाली बसले. "साईं, मेरे बाप ने चालीस साल कार्पेट बेचा. ऐसा दुश्मन नहीं देखा."

तरीही ते पळाले नाहीत. बिलावर लिहून दिलं होतं, त्यामुळं त्यांनी बाह्या सारल्या. साक्षीदार म्हणून महेश म्हात्रे आले आणि दुसऱ्या साक्षीदार म्हणून कौसाबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच सही केली. मुकेशभाईंनी एक टोक धरलं, भीमरावांनी ब्लेड चालवलं, आणि तिसरं भोक पडलं. पाकिटावर लाख ओतताना एक थेंब कार्पेटवर पडला. त्याच्याकडे आता कुणी लक्षसुद्धा दिलं नाही.

रिपोर्ट कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी आला. भीमरावांनी तो जिन्यातच उघडला. लोकर एक्क्याऐंशी पूर्णांक सहा टक्के, उरलेलं नायलॉन. घासून रंग जात नाही. सुरुवातीला थोडी लव झडणे स्वाभाविक, असं मीनल मॅडमनी खाली हातानं लिहिलं होतं.

मुकेशभाईंनी सांगितल्यापेक्षा माल चांगलाच निघाला होता.

भीमराव घरात आले आणि त्यांनी रिपोर्ट रखमाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली, परत दिला आणि भाजी निवडायला बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रखमाबाईंना रडू येत होतं आणि त्या ते मेथीच्या जुडीआड लपवत होत्या, हे भीमरावांना दिसलं. एक चांगली वस्तू घरात आली होती, ती चांगली आहे हे सिद्ध करता करता त्यांनी तिची वाट लावली होती. पंप असता तर भंगारात टाकून पुढचा घेतला असता.

ते उठले आणि पुन्हा उल्हासनगरला गेले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर भीमराव मोठ्यानं म्हणाले, "मुकेशभाई, तुमचा माल खरा आहे. मी शंका घेतली, माझी चूक झाली."

मुकेशभाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे रिपोर्टची झेरॉक्स काढून गल्ल्यामागे लावली. दुसरी, तिथल्या तिथं त्या जातीच्या कार्पेटचा भाव वाढवला. मग म्हणाले, "दादा, माझा रफूवाला आहे. असा भरून देईल की तुम्हालाच सापडणार नाही."

"नको," भीमराव म्हणाले.

"फुकट साईं, फुकट."

"रफू लपवायला करतात. मी चोरी केलेली नाही. माल पास झालाय, भोकं तपासणीची आहेत, आणि ती दिसली पाहिजेत."

घरी येऊन त्यांनी हे सगळं सांगितलं. रखमाबाईंचा मेथीवरचा हात थांबला.

"त्यांना चूक झाली म्हणालात? सगळ्यांसमोर?"

"हो."

"मला सव्वीस वर्षांत एकदा नाही म्हणालात."

असला माल भीमरावांनी आजवर कधी बाहेर काढला नव्हता, त्यामुळं तो काढायचा कसा हेच त्यांना समजत नव्हतं. शेवटी ते तिसऱ्या भोकाच्या बाजूला फरशीवर बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं, रखमा. तुझ्यासाठी आणलं आणि माझ्यासाठी कापलं."

रखमाबाईंनी डोळे पुसले. "रफू नको म्हणालात ना? मग आता कुणी आलं तरी त्यावर टीपॉय ठेवायचा नाही. राहू द्या असंच."

सल्ले मात्र येतच राहिले. महेश म्हात्र्यांनी भोकांवर फुलांच्या परड्या ठेवायला सांगितल्या, विहारातून कुणी सतरंजी पाठवतो म्हणालं. रखमाबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "माझं कार्पेट आहे. त्याच्यावर काही घालायचं नाही."

रविवारी साठाची सत्तर माणसं आली. जिन्यात चपलांचा डोंगर झाला आणि महेश म्हात्रे तो जोड्याजोड्यांनी लावत राहिले. भन्ते आले, पांढऱ्या कपड्यांनी हॉल भरून गेला, आणि भोकांच्या भोवती लोक जागा करून बसले. ग्रंथाचं शेवटचं पान वाचून झालं, वंदना झाली. मंडळी उठली तेव्हा रखमाबाईंनी एकेकाची पाठ बघितली. सगळ्या पांढऱ्या होत्या. विहाराचे खजिनदार तर मुद्दाम आरशासमोर जाऊन स्वतःची पाठ बघून आले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, जय भीम. यंदा बाजारात जायला हरकत नाही."

खीर वाटताना कौसाबाई दारात आल्या. त्यांना वाटी दिली. पहिला चमचा तोंडात घालून त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाकी झाला हो छान कार्यक्रम. पण हे फाटकं कार्पेट कसं घेतलंत? तुम्हा लोकांना कुणी काहीही गळ्यात मारतं."

हॉलमधले चमचे थांबले. 'तुम्हा लोकांना' हे सगळ्यांनी ऐकलं होतं. भीमराव रिपोर्ट काढायला खिशात हात घालून उठले, पण रखमाबाईंनी त्यांना हातानं खाली बसवलं. नवऱ्याला दोन आठवडे त्या बोलल्या होत्या, अजून वर्षभर बोलणार होत्या. पण तो हक्क त्यांचा एकटीचा होता.

"फाटकं नाही कौसाबाई, कापलेलं आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी कापलंय. स्वतःच्या हातानं, तीनदा, मधोमध. कुणी सांगितलं म्हणून आम्ही काही खरं धरत नाही. दुकानदारानं सांगितलं तरी नाही आणि शेजारणीनं सांगितलं तरी नाही. आतून बघतो. आणि आतून हे तुमच्या-माझ्या समजुतीपेक्षा चांगलं निघालं. तुमचं इराणी आहे म्हणता, ते कशावरून?"

"मुलानं सांगितलंय."

"कापून बघितलंत?"

मागून कुणीतरी हसलं, आणि मग हसू आवरता आवरता अख्खा हॉल हलला. कौसाबाई रागानं निघून जातील असं भीमरावांना वाटलं. दोंदे राहायला आल्याला चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत कौसाबाईंचं जे काही बोलणं झालं होतं ते उंबऱ्याच्या पलीकडून. एकदाही त्या आत येऊन बसल्या नव्हत्या, आणि तसं का, हे दोन्ही घरांना माहीत होतं.

"उभ्यानं खीर खाऊ नये," रखमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कार्पेटवर हात थोपटला. "या. बसा इथं. अस्सल आहे."

कौसाबाई एकदा स्वतःच्या बंद दाराकडे आणि एकदा हातातल्या वाटीकडे बघत राहिल्या. खीर अर्धी उरली होती. मग त्यांनी चपला काढल्या, त्या महेश म्हात्र्यांनी उचलून रांगेत लावल्या, आणि त्या आत आल्या. सत्तर माणसं सरकली.

"जपून हं," भीमरावांच्यानं राहवलं नाही. "तिथं भोक आहे."

"दिसतंय मला," कौसाबाई म्हणाल्या, आणि बसल्या.